काडी मोडली, मुलाचे काय?

“घटस्फोट हा पुण्या-मुंबईचा प्रश्न. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात कुटुंबव्यवस्था अजून शाबूत आहे,” असे समाधान आपल्या बैठकांतून अनेकदा व्यक्त होते. हे समाधान फसवे आहे. काडीमोड आणि सोडचिठ्ठी हे शब्द पाश्चात्त्यांनी दिलेले नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने होणारी फारकत कलम २९ मध्ये मान्य केली. अनुसूचित जमातींना तर केंद्राची अधिसूचना असल्याखेरीज हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे भामरागड-एटापल्लीच्या गावात पंचांसमोर मोडलेला संसार न्यायालयाच्या दप्तरी सहसा चढत नाही. जेथे फारकतीचीच नोंद नाही, तेथे मुलाच्या अश्रूंची नोंद कोण घेणार?

न्यायालयात गेलेल्यांची मुले तरी सुखी आहेत काय? पाल्याचे हित सर्वोपरी, असे १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. मोठ्यांची सुटका लवकर झाली. पण मुलाच्या मनातील खटल्याला तारीख कोण देणार? न्यायालय ताबा ठरविते. “माझ्यामुळेच हे घडले काय?” या मुलाच्या प्रश्नाला निकालपत्रात उत्तर नसते.

उत्तरासाठी शासनाने दूरध्वनीचा मार्ग खुला केला आहे. मुलांसाठी १०९८ आहे; ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. “घरची भांडणे परक्याला सांगायची?” असे नाक मुरडणाऱ्यांनी विचार करावा. आई-वडील वादी-प्रतिवादी आणि आजी-आजोबा साक्षीदार झाले की, मुलाला घरात तिऱ्हाईत उरतच नाही. चंद्रपूरच्या वसाहतीतील मुलगा रात्री खोलीचे दार लावून अनोळखी आवाजापाशी मन मोकळे करीत असेल, तर तो संस्कृतीचा ऱ्हास नव्हे. आपण रिकामी ठेवलेली जागा कोणीतरी भरली आहे.

मात्र क्रमांक भिंतीवर रंगविला म्हणजे कर्तव्य संपले, हा शासकीय भ्रमही तितकाच घातक आहे. दुर्गम पाड्यावरील घरात फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. पलीकडून मराठीत विचारपूस झाली, तरी माडियात वाढलेली मुलगी आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगणार? आणि आश्रमशाळेतील मुलाने फोन मागितला, तर “कशाला हवा?” हा पहिला प्रश्न त्याचे तोंड बंद करतो.

म्हणून यंत्र आणि मुलाच्या मध्ये एक माणूस उभा राहिला पाहिजे. प्रत्येक वसतिगृहात आठवड्यातून एकदा, कोणी ऐकणार नाही अशा खोलीत, मुलाला फोन मिळावा. त्याची बोली जाणणारी व्यक्ती, त्याची इच्छा असेल तरच, शेजारी बसावी. “आई हवी की बाबा?” हा निर्दय प्रश्न कोणीही विचारू नये, मुलाला निरोप्या करू नये. यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षक, अधीक्षक आणि गावोगाव फिरणारा कार्यकर्ता एवढे मनुष्यबळ आजही पुरेसे आहे.

कुटुंबाची थोरवी व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. मोडलेल्या कुटुंबातील मुलापाशी तासभर मुकाट्याने बसणे, हीच त्या थोरवीची परीक्षा होय.