झोपेचा हक्क



दिवसभर राबून आलेल्या माणसाची रात्रीची झोप हिरावली गेली, तर दाद कोठे मागावी हे आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक असते. पत्र्याच्या भिंती, बोळातील ध्वनिवर्धक, हमरस्त्यावरील गाड्यांचे भोंगे! या आवाजाने जाग आली नाही तरी झोपलेल्याच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढतो.

ही दैवगती नव्हे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. उत्सवासाठी सवलत मिळते, पण तीही वर्षात फार तर १५ दिवस व मध्यरात्रीपर्यंतच. २०१२ साली रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात समाविष्ट मानली.

म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. मात्र आपल्या जयंतीचा ध्वनिवर्धकही वेळेवर बंद करा. जो नियम आपण पाळीत नाही, तो दुसऱ्यास सांगण्याचा नैतिक अधिकार आपणांस उरत नाही.