डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका

कावीळ म्हटली की आपण आधी डोळ्यांत बघतो. डोळे पिवळे दिसले की तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. कुणी काविळीची माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवून’ आणतं. दूषित पाण्यातून आलेली ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुधा आपली आपण बरी होते आणि श्रेय माळेला जातं. हेपॅटायटिस सी मात्र रक्तातून येतो आणि बहुतेकांचे डोळे पिवळे करतच नाही.

लागण झालेल्या दहांतल्या आठ जणांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. उरलेल्यांना ताप, मळमळ, गडद लघवी, सांधेदुखी किंवा कधी कावीळ होते. काहींचं शरीर सहा महिन्यांत या विषाणूला हुसकावून लावतं, बहुतेकांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. मग वर्षानुवर्षं तक्रार एकच, ‘हल्ली लवकर दमायला होतं.’ ती आपण वयावर ढकलतो. पोटात पाणी, पायांवर सूज, रक्ताची उलटी दिसेपर्यंत यकृत कडक होऊन सिरॉसिस झालेला असतो.

आमच्या नात्यातल्या एका वारकरी काकांचं असंच झालं. दारूला कधी न शिवलेल्या त्या माणसाला जो तो दबक्या आवाजात विचारायचा, ‘घेत होतात का?’ तरुणपणी ऑपरेशनच्या वेळी त्यांना रक्त चढवलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

हा विषाणू सापडला 1989 मध्ये. त्याआधी दात्याच्या रक्तात तो आहे की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. आणि दवाखान्यात ‘डॉक्टर, एक सुई टोचाच’ हा आपला हट्ट जुना. तीच सुई किती दंडांत गेली, याची नोंद कुठे असणार? इजिप्तमध्ये गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमिरोगावर सरकारनेच गावोगाव इंजेक्शनं दिली. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून तिथे सीची प्रचंड साथ पसरली.

म्हणून लक्षणांपेक्षा आपला इतिहास आठवावा. पूर्वी चढवलेलं रक्त, डायलिसिस, जत्रेतलं गोंदण, न बदललेलं ब्लेड, नशेच्या सुया यांतलं काही असेल, तर ‘अँटी-एचसीव्ही’ चाचणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. यातलं नेमकं काय, ते आरएनए चाचणी सांगते.

लस अजून नाही, पण औषध आहे. साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले 95 हून अधिक रुग्ण बरे होतात. जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत चाचणी आणि गोळ्या मोफत मिळतात.

घरात कुणाला निघालाच, तर ताट-वाटी वेगळी करू नका. जेवणातून, मिठीतून तो पसरत नाही. वस्तरा आणि टूथब्रश तेवढा ज्याचा त्याचा हवा. आणि दारूची चौकशी करण्याआधी जुन्या ऑपरेशनची करा.