सोलापूरकरांनो, पाकिटावरचे ग्रॅम वाचा



सणांची खरेदी तोंडावर आली आहे. किराणा भरायला बाहेर पडण्याआधी हे वाचा आणि शेजारच्या घरातही वाचून दाखवा.

पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत वर्षानुवर्षं तीच राहिली, आतला माल मात्र घटत गेला. 2022 साली काही आकडे वर्तमानपत्रांत आले होते. दहा रुपयांची विमची वडी 155 ग्रॅमवरून 135 वर आली. हल्दीरामच्या आलू भुजियाचं दहा रुपयांचं पाकीट 55 ग्रॅमवरून 42 वर आलं. भुजियाचा हिशेब मांडून बघा, ग्रॅममागे दर 31 टक्क्यांनी चढला. हीच वाढ छापील किमतीत केली असती तर पाकीट तेरा रुपयांना पडलं असतं आणि गल्लोगल्ली ओरड झाली असती. वजन घटलं तेव्हा कुणी ब्र काढला नाही, कारण कळलंच नाही.

त्या वर्षी युक्रेनच्या युद्धानं गहू आणि खाद्यतेल महागलं, इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली. कंपन्यांचा खर्च वाढला हे मान्य. पण खर्च वाढला तर भाव वाढवा आणि तो उघडपणे सांगा. नीलम नगरमधली किंवा कुंभारीच्या घरकुलातली विडी कामगार बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. तिच्या हजारात दहा विड्या कमी भरल्या तर कुणी चालवून घेत नाही. मग तिनं घेतलेल्या पाकिटात वीस ग्रॅम कमी आले, तर ते तिला सांगायला नको?

यात कायद्याचाही भाग आहे. पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल, साबण अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन 2022 मध्ये उठलं. तेव्हापासून कंपनी हव्या त्या वजनाचं पाकीट काढू शकते. तेलाच्या पिशव्याच बघा. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. त्याच पिशवीशेजारी तेवढीच दिसणारी, 800 किंवा 850 ग्रॅमची पिशवी लटकलेली असते. समजा, 910 ग्रॅमची पिशवी 140 रुपयांना आहे आणि 840 ग्रॅमची 135 ला. घाईत हात दुसरीकडे जाणार, पाच रुपये वाचले म्हणून. प्रत्यक्षात पहिलीचा दर किलोला 154 रुपयांच्या आसपास पडतो आणि दुसरीचा जवळजवळ 161.

बंधन उठवताना सरकारनं एक गोष्ट मात्र आपल्या हाती दिली. पाकिटावर एकक दरही छापावा लागतो. छापील किमतीच्या जवळपास बारीक अक्षरांत ‘यूएसपी’ लिहून पुढे दर ग्रॅम किंवा दर मिली किती, ते दिलेलं असतं. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅममागे, दोन दशांशांपर्यंत असतो. म्हणून 0.15 आणि 0.16 वाचून ‘एकाच पैशाचा तर फरक’ म्हणू नका. ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असंही धरून चालू नका. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. आकडा बघा, मगच ठरवा.

या गावात चादर घेतानासुद्धा माणसं हातावर तोलून बघतात. तीच सवय किराण्याला लावा.

या महिन्यापासून रिकामी पाकिटं फेकण्याआधी वजन आणि किंमत दिसेल असा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ताडून बघता येईल. वजन घटवलं आणि ते खरं छापलं, तर आजच्या कायद्यात तो गुन्हा होत नाही, हे लक्षात घ्या. पण छापल्यापेक्षा माल कमी भरला, एकक दर छापलाच नाही किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर थेट तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, वैधमापन शास्त्र खात्याकडेही जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी लागत नाही.

बचत गटातल्या ताईंना खास विनंती. मुंबई ग्राहक पंचायतीनं 1975 पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदी चालवली आहे. आपल्याकडे दहा घरांनी मिळून तेलाचा 15 किलोचा डबा आणि साबणाचं खोकं घेतलं, तर सुरुवात होईल.

दुकानदार मंडळींनो, तुम्ही आमचेच आहात, वजन तुम्ही घटवलेलं नाही. एखाद्या वस्तूचं वजन कमी होऊन आलं की दारातल्या फळ्यावर खडूनं लिहा : अमुक वस्तू, आधी इतके ग्रॅम, आता इतके. फ्रान्समध्ये 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना अशी पाटी दोन महिने लावावी लागते. आपल्या देशातही ही सूचना पाकिटावरच, ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती हवी. तशी मागणी करणारं निवेदन केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे आणि आपल्या खासदारांकडे प्रत्येक पेठेतून, प्रत्येक घरकुलातून गेलं पाहिजे. सोबत जुन्या-नव्या पाकिटांचे फोटो जोडा, आणि सह्या गोळा करायला या रविवारीच बसा.