फोन आपला, कुलूप दुसऱ्याचे

विकत घेतलेल्या घरात आधीच भाडेकरू बसला असेल आणि त्याला बाहेर काढण्याची मुभा आपल्याला नसेल, तर आपण मालक कसले? कुवेतमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी बांधवांपुढे आज हाच प्रश्न आहे.

सॅमसंगने २०२२ मध्ये आयर्नसोर्स या मूळच्या इस्रायली कंपनीशी असलेला करार पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेपर्यंत वाढवला. त्या भागातील ए आणि एम मालिकांच्या फोनांत ‘ॲपक्लाउड’ हे ॲप ग्राहकाला न विचारता बसवलेले असते, असा आक्षेप बैरूतच्या स्मेक्स संस्थेने २०२५ मध्ये जाहीर पत्राद्वारे घेतला. कुवेतमध्ये तर इस्रायलवर बहिष्काराचा कायदा १९६४ पासून आहे!

हे ॲप निष्क्रिय करता येते. पण समूळ काढायचे तर फोन ‘रूट’ करावा लागतो, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीचे कुलूप तोडावे लागते. मग हमी जाते, सुरक्षा ढिली पडते आणि बँकेची ॲप बहुधा चालत नाहीत. रोग परवडला, पण औषध नको, अशी ही गत.

युरोपीय संघाने २०२४ पासून गूगल, ॲपलसारख्या बड्या कंपन्यांना आधीच बसवलेली ॲप सहज काढू देणे बंधनकारक केले आहे. जो हक्क युरोपच्या ग्राहकाला, तो आखातातल्या कामगाराला का नसावा?

आपल्या बेटावरही फोन बाहेरूनच येतात. म्हणून पालकांनी खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारावे: यातले काय काढता येईल? नको ते ॲप सेटिंगमध्ये जाऊन निष्क्रिय करावे. कुलूप तोडण्यापेक्षा किल्ली मागावी. ती ग्राहकाच्या हक्काची आहे.