वास झाकावा की शोधावा?

आज मी तुम्हांला माझी एक फजिती सांगणार आहे. ती सांगताना थोडी लाज वाटते, कारण जे मला त्या वेळी आठवायला हवे होते, ते मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात फळ्यावर लिहीत आलो आहे.

आमचे गाव दुधनी. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे. कर्नाटक आमच्या उंबऱ्याशीच. गावात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा चालतात आणि बाजारात तूर चालते. तुरीच्या हंगामात सबंध पेठेवर बारीक भुशाची धूळ तरंगत असते. या धुळीची आठवण ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटार घेतली. तिच्यात वातानुकूलन यंत्र होते. सगळेच त्याला एसी म्हणतात, आपणही तेच म्हणू. मे महिन्याच्या उन्हात त्या एसीने मोठे सुख दिले. जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले आणि एसी सुरू करताच ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येऊ लागला. मी काय केले असेल? दुकानातून लिंबाच्या वासाची बाटली आणून आरशाखाली टांगली. आठ दिवसांत तिचा जोर ओसरला, तेव्हा मोगऱ्याची आणली. आता गाडीत कुबट मोगरा दरवळू लागला.

जुलैत आईला डोळे तपासायला सोलापूरला न्यायचे होते. तिला दम्याचा त्रास आहे. बाहेर पाऊस, काचा बंद, एसी चालू. अक्कलकोट यायच्या आतच तिला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. गाडी कडेला घेतली, चारही दारे उघडली. पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो. तिला कुबट हवेने त्रास झाला की मोगऱ्याने, हे मी सांगू शकत नाही. दमेकऱ्याला दोन्ही गोष्टी बाधू शकतात. कुबट वास आपोआप आला होता; मोगरा मात्र मी पैसे देऊन आणला होता.

आमच्याबरोबर शेजाऱ्यांची नववीतली मुलगी होती. ती सहज म्हणाली, "सर, एसी तर मे महिन्यातही रोज चालू होता. तेव्हा वास नव्हता. पाऊस पडल्यावरच का आला?"

मी गप्पच झालो. हा प्रश्न महिन्यापूर्वी मला पडायला हवा होता. वास कसा घालवावा याच्याच मी मागे लागलो होतो. तो येतो कोठून, हे मी विचारलेच नव्हते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आपण आकड्यांनी काढू. हवेत पाण्याची वाफ असते आणि ती जास्तीत जास्त किती असू शकेल हे तापमानावर ठरते. एक घनमीटर जागेत ४० अंश सेल्सिअसला सुमारे ५१ ग्रॅम वाफ राहू शकते, २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम आणि ५ अंशांना जेमतेम ७ ग्रॅम. आता आमच्याकडची मे महिन्यातली एक दुपार घ्या. तापमान ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. म्हणजे घनमीटरमागे सुमारे १० ग्रॅम वाफ. जुलैतला एक पावसाळी दिवस घ्या. तापमान २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. वाफ सुमारे २२ ग्रॅम.

एसीमध्ये पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची आणि नळ्यांची एक जाळी असते. मिस्त्री तिला कूलिंग कॉइल म्हणतात. ही कॉइल ५ अंशांपर्यंत गार झाली आहे असे धरा. तिच्यावरून जाणारी हवाही तितकीच गार झाली, तर तिच्यात ७ ग्रॅमच वाफ उरेल. बाकीचे पाणी कॉइलवर दवासारखे जमेल. मे महिन्यात घनमीटरमागे ३ ग्रॅम, जुलैत १५ ग्रॅम. पाचपट! तासाला शंभर घनमीटर बाहेरची हवा आत ओढली, तर जुलैत दीड लिटर पाणी होते. प्रत्यक्षात सगळी हवा कॉइलइतकी गार होत नाही, त्यामुळे पाणी काहीसे कमी निघेल. पण मे आणि जुलै यांतली तफावत त्याने कमी होत नाही.

तेव्हा एसीत पाणी जमणे हा बिघाड नाही. किंबहुना हवेतले पाणी काढण्यासाठीच या यंत्राचा जन्म झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्याला अडचण आली होती. दमट हवेत कागद फुगे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा नेमका बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातली आर्द्रता ताब्यात ठेवण्याची योजना आखली. माणसांना गार वाटणे हा लाभ मागाहून आला.

मोटारीत हे पाणी एका लहान नळीतून खाली रस्त्यावर टपकते. उभ्या गाडीखाली थेंब दिसले की काही जण घाबरतात. घाबरू नका, थेंब पडत आहेत तोवर ठीक आहे. भर पावसाळ्यात एसी तासभर चालूनही खाली टिपूस पडत नसेल, तर मात्र पाणी आतच कोठेतरी साठत आहे असे समजावे.

माझ्या गाडीत नेमके तेच झाले होते. मिस्त्रींनी समोरचा कप्पा काढून हवेची गाळणी बाहेर ओढली. तिच्यावर तुरीच्या भुशाचा आणि मातीचा करडा थर बसला होता आणि त्यात उंदराने आणलेले सुतळीचे चार धागे होते. पाण्याची नळी चिखलाने बुजलेली. आत अंधार, ओल, भुशाचे खाद्य, आणि गाडी थांबल्यावर पुन्हा ऊब. जिवाणू आणि बुरशी यांना आणखी काय हवे? ते खातात, वाढतात आणि काही बाष्पनशील रसायने हवेत सोडतात. तोच आपल्या नाकाला येणारा वास.

गंमत अशी की, अशा एका रसायनावर आपले फार प्रेम आहे. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, त्यात जिओस्मिन नावाचे द्रव्य असते. मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. कनोजचे अत्तरवाले तापल्या मातीचा गंध चंदनाच्या तेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' करत आले आहेत. ओलसर एसीतून कधी कधी जो मातकट वास येतो तो याच कुळातला. शेतात जो वास सुखवतो तोच बंद गाडीत आला, तर तो सांगत असतो की येथे ओल आहे आणि तिच्यात काहीतरी वाढते आहे.

माझे म्हणणे येथून सुरू होते. वास हा निरोप आहे. निरोप्याचे तोंड दाबून निरोप खोटा ठरत नाही.

निरोपाचे मोल किती असते याचा एक दाखला देतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथे एका शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे तीनशे विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. वायू गळून इमारतीखाली साठत होता; पण त्याला वासच नव्हता, म्हणून कोणाला कळले नाही. त्यानंतर अशा वायूत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये मरकॅप्टन वर्गातले दुर्गंधी द्रव्य असते ते याचसाठी. ज्या वासाला आपण नाक मुरडतो, तो माणसाने विचारपूर्वक पहाऱ्यावर बसवला आहे. घरात गॅसचा वास आल्यावर कोणी उदबत्ती लावली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

आपल्या नाकाची एक खोडही ध्यानात ठेवा. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत त्याची जाणीव बोथट होते. म्हणून बसणारा म्हणतो, "आता वास गेला." वास तसाच असतो, आपले नाक सरावलेले असते. गाडीत शिरतानाचे पहिले अर्धे मिनिट हीच खरी तपासणी. सुगंधी बाटली ते अर्धे मिनिटही हिरावून घेते.

मोटारीतला प्रत्येक वास कुबटच असतो असे नाही. जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वास आला, तर गाडी ताबडतोब थांबवावी. पेट्रोलचा आला, तर थांबवून सगळ्यांनी उतरावे. पाकासारखा गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुके, असे जोडीने दिसले, तर इंजीन गार ठेवणारे द्रव गळत असण्याचा संभव असतो. सडका वास असेल, तर बहुधा उंदीर आत जाऊन मेलेला असतो. गोदामाच्या आसपास गाडी उभी करणाऱ्या आमच्या गावात ही काही नवलाची गोष्ट नाही. एवढे वेगवेगळे निरोप एकाच मोगऱ्याखाली गाडून टाकणे हा कोणता शहाणपणा?

आणि सर्वांत घातक वायूला वासच नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उभ्या गाडीचे इंजीन आणि एसी चालू ठेवून काचा बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते. घरी वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता करावे काय? मुक्कामाला पोचण्यापूर्वी पाच मिनिटे एसीचे बटण बंद करावे, पंखा मात्र चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. कॉइल वाळते. यास एक पैसा लागत नाही. हवेची गाळणी दर पावसाळ्यापूर्वी पाहावी, आणि आमच्यासारख्या धुळीच्या गावात तुरीचा हंगाम संपल्यावरही. पाण्याची नळी मोकळी आहे ना हे गाडीखाली वाकून बघावे. एवढ्याने वास गेला नाही, तर कॉइल जाणत्या मिस्त्रीकडून त्यासाठीच्या द्रवाने धुऊन घ्यावी. घरातले फिनेल किंवा ब्लीचिंगचे पाणी हवेच्या तोंडातून आत ओतू नये. ब्लीचिंगने ॲल्युमिनियम खराब होते आणि ती वाफ तुमच्याच छातीत जाते. आतलीच हवा फिरवण्याचे बटण सतत दाबून ठेवू नये. चार-पाच माणसे बसली की आतला कार्बन डायऑक्साइड थोड्याच वेळात बाहेरच्या कित्येक पट होतो, डोके जड होते आणि गाडी चालवणाऱ्याला झोप येते.

कोणी म्हणेल, "सर, एवढी खटपट कोण करणार? बाटली स्वस्त पडते." माझा हिशेब ऐका. मी दीड महिन्यात चार बाटल्या आणल्या आणि त्या काळात थर वाढतच गेला. नळी मोकळी करायला मिस्त्रींना दहा मिनिटे लागली. नवी गाळणी घ्यावी लागली, तिला चार बाटल्यांपेक्षा थोडे जास्त पैसे पडले. आईच्या त्या पाऊण तासाची किंमत मी धरलेली नाही.

हा प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा आहे असे समजू नका. आपल्या किती शाळांत मुतारीत डांबराच्या गोळ्या टाकून काम भागवतात? तेथे पाणी आहे का, मोरी तुंबली आहे का, हे पाहायला कोणी जात नाही. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, वर्गात कोणी "सर, वास येतो" म्हणाले, तर त्याला गप्प बसवू नका. "कोठून येतो ते शोधून सांग," असे म्हणा. विज्ञानाचा तास तेथेच सुरू होतो.

एक प्रयोग मात्र सर्वांनी करावा. स्टीलच्या चकचकीत भांड्यात साधे पाणी घ्या, त्यात तापमापी ठेवा आणि बर्फाचे बारीक खडे एकेक करून टाकत ढवळा. भांड्याची बाहेरची चकाकी ज्या क्षणी मंदावेल त्या क्षणीचे तापमान लिहून ठेवा. हा त्या दिवसाचा दवबिंदू. मी घेतलेल्या आकड्यांनुसार मे महिन्यातल्या त्या दुपारी तो १३ अंशांच्या आसपास यावा आणि जुलैत २४ अंशांच्या. तुमच्या गावी किती येतो ते पाहा.

शेजाऱ्यांच्या मुलीने ही नोंद आठवड्यातून एकदा घ्यायला सुरुवात केली आहे. तिच्या वहीत आता एक सबंध वर्ष जमले आहे. माझ्या गाडीत आरशाखाली काही टांगलेले नाही. आई पुढच्या सीटवर बसते, आणि शिरताना पहिले अर्धे मिनिट मी नाकाने तपासणी करतो.