तारे नकोत, इशारा द्या

सरकार आपल्याला सतत सांगतं: तेल, मीठ, साखर कमी खा. 2018 मध्ये ‘ईट राइट इंडिया’ मोहीम आली. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी तेल 10 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. सल्ला बरोबरच आहे. पण तो फक्त खाणाऱ्यालाच का? पाकीट विकणाऱ्या कंपनीला सरकार काय सांगतं?

तिला तारे देतं. सप्टेंबर 2022 मध्ये एफएसएसएआयने मसुदा काढला: पाकिटावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापायचे, आणि पहिली चार वर्षं तेही ऐच्छिक.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हिशोब बघितला. अशा गुणांकनात साखर, मीठ आणि चरबीचे वाईट गुण प्रथिनं आणि फायबरच्या चांगल्या गुणांनी खोडले जातात. हाती उरतो एकच आकडा. आमच्याकडे सर्व्हरची डिस्क भरत आली की लाल अलर्ट येतो. ‘नेटवर्क तर छान चाललंय’ म्हणून कुणी सरासरी काढून तीन तारे देत नाही. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांना साखर जास्त आहे की नाही एवढंच कळायला हवं.

‘आपल्या लोकांना लेबल कळत नाही’ ही सबब खोटी आहे. हिरवा ठिपका कित्येक वर्षांपासून सक्तीचा आहे आणि शाळेत न गेलेल्या दादीलाही तो कळतो. शाकाहार एका खुणेत सांगता येतो, मग साखर का नाही?

चिलीने 2016 मध्ये हेच केलं. साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असेल तर पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन सक्तीचा केला. सोबत अशा पदार्थांची मुलांसाठीची जाहिरात आणि शाळेतली विक्रीही बंद केली. पहिल्या दीड वर्षात तिथे जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. दुकानातल्या विक्रीवर बंदी नव्हती; माहिती समोर आली आणि मुलांना भुलवणं थांबलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2025 मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि नंतर तीही वाढवून घेतली गेली.

आता आपलं बोलू. जिलेटिन कुठलं आहे हे बघायला आपण पाकीट उलटवून बारीक अक्षरं वाचतो. हलालसोबत तय्यिब हा शब्दही लहानपणापासून ऐकतो, पण आपली चौकशी पहिल्या शब्दावरच थांबते. इफ्तारच्या दस्तरखानावर दोन लिटरची थंड पेयाची बाटली येते, तेव्हा तिच्यात साखर किती हे कोण विचारतं?

आपल्याविरुद्ध कुणी काही बोललं की आपण निवेदन घेऊन कलेक्टर कचेरी गाठतो. एक निवेदन यासाठीही द्या. खासदार मोहल्ल्यात मतं मागायला आले की एवढंच विचारा: पाकिटावरचा इशारा सक्तीचा कधी करणार?