पासवर्ड गेला, ओटीपी आला, दुकानातली वही तिथंच



आधी शेताचं. कपाशीला पातं लागलंय, तुडतुडे दिसतात पण फवारणी करावी इतके नाहीत. त्यावर दोन दिवसांत फोटोसकट लिहितो. आज डोकं दुसऱ्याच गोष्टीनं तापलंय.

परवा तालुक्याला शेतकरी मेळावा होता. साहेब माईकवर म्हणाले, महाडीबीटीवर युजरनेम आणि पासवर्डची भानगड आता संपली. शेतकरी ओळख क्रमांक टाका, मोबाइलवर ओटीपी येईल, तो टाका आणि आत जा. तुमच्या नावानं दुसरं कुणी घुसूच शकत नाही. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. का, ते सांगतो.

काही वर्षांमागं मी ठिबकसाठी अर्ज केला होता. अर्ज म्हणजे काय, तालुक्याच्या एका सेवा केंद्रात जाऊन बसलो, पोरानं भरला. पासवर्ड त्यानंच ठेवला. मोबाइल नंबरही त्यानं स्वतःचाच टाकला, "काका, तुम्हाला कुठं मेसेज बघता येतात" म्हणून. त्याच्याकडं एक शंभर पानी वही होती. तीत आमच्या सगळ्यांची नावं आणि समोर पासवर्ड. बहुतेकांचा एकच! सोडतीत माझं नाव निघालं. मेसेज गेला त्याच्या फोनवर. तो तेव्हा बहिणीच्या लग्नात. कागदपत्रं चढवायची मुदत टळली आणि अर्ज रद्द झाला. अल्पभूधारकाला केंद्राचं 55 टक्के आणि राज्याचं वरचं धरून 80 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. ते गेलं. ठिबक शेवटी उसनवारी करून घातलं. त्या पोराशी माझं भांडण नाही, त्याची नियत वाईट नव्हती. पण माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात होती आणि मला पत्ताच नव्हता.

माझा पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तो म्हणतो, नीट बांधलेल्या डेटाबेसात पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाहीत. त्याचा एक असा ठसा काढून ठेवतात की त्यावरून मूळ शब्द परत काढणं फार अवघड. म्हणजे सांभाळणाऱ्या इंजिनिअरलासुद्धा माझा पासवर्ड वाचता येऊ नये. मी म्हणलं, शाब्बास! तिकडं एवढा बंदोबस्त आणि इकडं तोच पासवर्ड निळ्या शाईनं वहीत.

तर साहेबांचं अर्धं म्हणणं खरं आहे, ते मी मान्य करतो. ओटीपी त्या पोराच्या फोनवर न जाता आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. वहीतल्या पासवर्डावर आता कुणी आत जाणार नाही. ही सुधारणाच आहे. पण दार बदललं म्हणून दाराशी बसणारा बदलला का? आजही बहुतेक लोक त्याच दुकानात जातात. पोरगं फोन करतं, "काका, सहा आकडे आलेत ते सांगा." काका बांधावरून, औताचा बैल थांबवून, आकडे सांगतात. कशासाठी सांगितले? अर्ज भरायला, बँक खातं बदलायला, की आणखी कशाला? माहीत नाही. माझ्या फोनवरचा मेसेज इंग्रजीत असतो. पासवर्ड निदान एकदाच दिला होता, आता दर खेपेला देतो, इतकाच फरक.

आता ज्यांच्याकडं ओटीपी येतच नाही त्यांचं. माझी चुलती सत्तरीच्या पुढं आहे, नावावर दीड एकर. आधारला नंबर जोडला होता काकांचा. काका गेले, रिचार्ज कुणी मारला नाही, नंबर बंद झाला. तीन महिने वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढं तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. म्हणजे तिच्या नावाचा ओटीपी उद्या कोणा परक्याच्या खिशात वाजेल. मग म्हणतात अंगठा द्या. आयुष्यभर कापूस वेचला, निंदणी केली, बोटांवर रेघाच उरल्या नाहीत. तीन हेलपाटे झाले. यंत्र म्हणतं ही बाई ती नव्हे. सारं गाव म्हणतं तीच आहे, पण गावाचं ऐकायची सोय त्या यंत्रात ठेवलेली नाही. पीएम किसानला 2023 पासून चेहऱ्यानंही ई-केवायसी होते, खरं आहे. पण त्याला चांगला फोन लागतो, रेंज लागते, आणि दोन्ही पुन्हा त्या दुकानातच.

अंगठ्याबद्दल आणखी एक. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलून आणता येतो का? नकली बोटं वापरून चोऱ्या झाल्या म्हणूनच 2023 साली आधारवाल्यांनी बोट जिवंत आहे का हे तपासणारी नवी पद्धत आणली.

माझा मुद्दा असा की जी कडक तपासणी आली ती सगळी आमच्या बाजूला आली. आम्ही कोण हे दहादा विचारतात. आमची नोंद उघडणारा कोण, हे आम्हाला एकदाही सांगत नाहीत. आणि हे करता येत नाही असं नाही. फेरफार मंजूर करताना महसुलाच्या माणसाला स्वतःची डिजिटल सही लागते, मग कुणी केलं ते नाकारता येत नाही. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं पडताळलं त्याची यादी दिसते, मी स्वतः काढून बघितली. तसंच शेतकरी ओळख क्रमांकाला का नको? माझा अर्ज कुठल्या केंद्रातून, कुठल्या माणसाच्या लॉगिननं, कधी उघडला आणि त्यात काय बदललं, हे मला मराठीत दिसलं पाहिजे. ओटीपीच्या मेसेजात "बँक खाते बदलण्यासाठी" असं स्पष्ट लिहून आलं पाहिजे. आणि ज्यांचं बोटही लागत नाही, नंबरही नाही, त्यांच्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आणि सहायक कृषी अधिकारी यांनी गावात येऊन, ओळखून, स्वतःच्या सहीनं खात्री द्यावी. चुकीची दिली तर त्यांची मान अडकेल, अडकू दे. आमची रोजच अडकते.

साहेबांना मेळाव्यात हे विचारलं तर म्हणाले, सूचना लेखी द्या. दिली. पोच घेतलीय.

तोवर आपल्या हातातलं करून घ्या. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, गरज असेल तेव्हाच उघडा. बंद पडलेला नंबर बदलायला आधार केंद्रात जा, पोस्टमनकडूनही मोबाइल नंबर जोडून मिळतो. आमच्या पोस्टमनदादांशी बोलणं झालंय, गुरुवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर यंत्र घेऊन येतायत. ज्यांचे नंबर बंद आहेत त्यांनी आधार कार्ड आणि चालू फोन घेऊन या. चुलतीला मी आणतोय, आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावून बघू, लागलं तर लागलं.